टी

सुमेध, खिसे उलटे कर. बघू काय काय आणलंस.
चार लांब, दोन आखूड, आणि ही गुलाबी प्लास्टिकची?
ही परत ठेव. लवकर मोडत नाही, कबूल,
पण साहेबांच्या नव्या क्लबला रंग फासते
आणि शिव्या आपल्या नावावर पडतात.

माझ्या पहिल्या दिवशी एक जण ओरडले, "टी!"
मी धावत गेलो कँटीनला,
दोन कटिंग घेऊन आलो, सांडत सांडत.
अजून हसतात म्हातारे कॅडी.
तू हस, पण नंतर. आता बघ.

पहिल्या होलला ड्रायव्हर निघणार, भोपळ्याएवढ्या डोक्याचा.
त्याला लांब टी.
ड्रायव्हर शेजारी टेकवला
की अर्धा बॉल त्याच्यावरून दिसला पाहिजे,
कुंपणापलीकडून शेजारीण डोकावते तेवढा.
वारा तोंडावर असेल तर नखभर खाली दाब,
पाठीवर असेल तर नखभर वर.
आणि लोहगावचं लढाऊ विमान गेलं
तर आवाज विरेपर्यंत मुळीच हलू नकोस.
भलेभले दचकतात.

तीन नंबरच्या वुडला आखूड टी.
वुड म्हणायचं फक्त, आता असतं ते लोखंडाचं.
आपल्या गल्लीचं नाव अजून चिंचेची गल्ली आहे ना,
चिंच कुठंय?

छोट्या होलला, जिथे सात नाहीतर आठ नंबरनं मारतात,
तिथे नवी टी काढलीस तर मी ओळख दाखवणार नाही.
तिथे मोडकी.
ड्रायव्हरखाली कंबर मोडलेली, अर्धी उरलेली,
तीच आत दाबायची, पार डोक्यापर्यंत.
गवतावर शर्टाच्या बटणाएवढी दिसली की पुरे.
म्हणून मोडकी फेकायची नाही.
माझी बायको धुण्याआधी खिसे झटकते,
बादलीपाशी रोज सात-आठ पडतात.

मे महिन्यात इथली जमीन खापरासारखी होते.
आधी खिळ्यानं भोक पाड, मग टी घाल.
जोर केलास तर टी मोडेल,
आणि चार माणसं तुझ्या पाठीकडे बघत उभी असतील.

केरसी साहेब तुला माहीत नाहीत.
कॅम्पात औषधांचं दुकान, दर बुधवारी सकाळी सहाला हजर.
एकोणीस वर्षं मी त्यांची बॅग उचलली.
साठीत स्वतः वाकायचे, स्वतः रोवायचे,
मला हात लावू द्यायचे नाहीत.
मग गुडघे गेले. म्हणाले, लहू, तू लाव.
मी लावत गेलो.
हात मंदावला तसा बॉल उठेना,
गवत चाटत जायचा, पन्नास पावलांत दम सोडायचा.
मी काही बोललो नाही.
पावसाळा संपला की टी थोडी वर ठेवायचो,
तांदळाच्या दाण्याएवढी. कधी दोन दाणे.
बॉल पुन्हा उठायला लागला.

एका बुधवारी काठीवर रेलून बराच वेळ बघत राहिले खाली.
"लहू, टी उंच झाली रे."
मी म्हटलं, "जमीन खचलीय, साहेब."
त्यांनी टोपी नीट केली.
"हो," म्हणाले, "माझ्याही दुकानाची खचलीय,
काउंटर हल्ली छातीला लागतो."
आणि मारला.
लांब नाही गेला. सरळ गेला.
टी मागे उडून माझ्या बुटापाशी पडली,
अख्खी.

ती कुठे आहे विचारू नकोस.

चल, पट्टा खांद्यावर घे, मानेवर नको.
आज तुझ्याकडे खराडीच्या कंपनीतल्या बाई आहेत,
नव्या आहेत, भराभर चालतात.
आधी विचार, किती उंच लावू?
सांगतील तेवढीच लाव.
आपल्या मनानं उंची ठरवायची नाही,
निदान पहिली दहा वर्षं.